मार्च एंड आणि टोकियो स्टोरी

शनिवार, रात्रीचे साडेअकरा वाजून गेलेत

आत्ता आलोय घरी, ताट झाकून ठेवलंय ते तसंच आहे, भूक नाही असं नाही पण आधी हे लिहून टाकतो, कारण उद्या सकाळी उठलो की मी परत तोच शहाणा माणूस होणार आणि मग राहिलंच.

आज आमच्या फिल्म सोसायटीत 'टोकियो स्टोरी' होता. जपानी दिग्दर्शक ओझूचा, १९५३ सालचा. आणि सुरुवातीला पाच मिनिटं बोलायची ड्यूटी माझी. आमच्याकडे ही पद्धत पहिल्यापासून आहे, सबटायटल इंग्रजीत असतात, ती पळतात, चष्मा विसरलेले दोघे-चौघे तरी असतात, म्हणून सिनेमाआधी कुणीतरी उठून मराठीत गोष्ट सांगायची. अगदी शेवटासकट. पुण्या-मुंबईचे पाहुणे ऐकून हादरतात, स्पॉयलर वगैरे म्हणतात, पण आमच्या लोकांना राम रावणाला मारतो हे माहीत असूनही दशावतार रात्रभर बघायची सवय, त्यांना काय फरक पडतोय.

सांगलीबद्दल एक सांगतो. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' इथं केलं हे सांगितल्याशिवाय सांगलीकराला घास उतरत नाही, नाट्यपंढरी ना आमची, पण त्याच सांगलीत आज ओझूला माणसं आली एकतीस. त्यात सहा आम्ही कमिटीवाले आणि एक वॉचमन. तरी बरं म्हणायचं. नव्वदच्या दशकात आम्ही भरलेले हॉल पाहिलेत पण त्याचं कारण सगळ्यांना माहीत आहे, फिल्म सोसायटीच्या सिनेमाला सेन्सॉरची कात्री लागत नाही, फक्त मेंबर्सना दाखवायचा एवढीच अट, त्यामुळे युरोपियन सिनेमा लागला रे लागला की आठवडाभर मेंबरशिपचे फॉर्म कमी पडायचे. मग बिचारे दोन तास बर्फात चालणारी माणसं बघत बसायचे. एक गृहस्थ तर मध्येच उठून 'अजून किती वेळ आहे त्याला?' असं मला दारात विचारून गेले होते. त्याला म्हणजे कशाला ते मीही विचारलं नाही.

तर 'टोकियो स्टोरी' मी पहिल्यांदा पाहिला तो १९९६ला, ह्याच सोसायटीत, १६ एमएमची प्रिंट, प्रोजेक्टर एकच, त्यामुळे रीळ बदलताना दिवे लागायचे आणि लोक चहाला उठायचे. तेव्हा डबे आणायचं काम माझ्याकडे होतं. पुण्याला फिल्म अर्काइव्हच्या लायब्ररीतून सोसायट्यांना प्रिंट मिळायच्या, काही वकिलातींकडून फिरत फिरत यायच्या, आणि ते पत्र्याचे डबे घेऊन मी एसटीत मागच्या सीटवर बसून यायचो. कराडला एकदा कंडक्टरनं विचारलं होतं, ह्यात काय, तूप का? त्याला म्हटलं बर्गमनचा सिनेमा. तो म्हणाला, लगेजचं तिकीट घ्या.

तेव्हा मी बावीसचा. बी.कॉम. झालेलो, एका टॅक्सवाल्या वकिलांकडे कारकुनी करत होतो आणि फिल्म सोसायटीमुळे आपण इतर कारकुनांपेक्षा वेगळे आहोत असं मनापासून वाटायचं. सोसायटीच्या वार्षिक सभेत आमचे सेक्रेटरी सर (मराठीचे प्रोफेसर, आता रिटायर, पण सेक्रेटरी अजून तेच) दरवर्षी सत्यनारायणाच्या कथेसारखी चळवळीची कथा सांगतात, १९४७ला कलकत्त्यात सत्यजित राय आणि चिदानंद दासगुप्तांनी सोसायटी काढली, १९५२ला मुंबईत आंतरराष्ट्रीय फेस्टिव्हल झाला आणि लोकांनी 'बायसिकल थीव्हज' पाहिला, १९५९ला सगळ्या सोसायट्यांचं फेडरेशन आलं, राय अध्यक्ष, १९६४ला पुण्यात अर्काइव्ह आणि ते उभं करणारे नायरसाहेब, १९६८ला मुंबईत प्रभात चित्र मंडळ, आणि मग आपण. त्या 'आणि मग आपण'ला माझी मान आपोआप ताठ व्हायची. अजून होते.

असो. गोष्ट अशी. ओनोमिची नावाच्या समुद्राकाठच्या गावातून म्हातारा-म्हातारी पोरांना भेटायला टोकियोला येतात. थोरला डॉक्टर, त्याला पेशंट. मुलगी शिगे, तिचं घरातच ब्युटी पार्लर, तिला गिऱ्हाईक. कुणालाच वेळ नाही. मग दोघं भावंडं पैसे काढून आईबापांना अतामीला पाठवतात, गरम पाण्याचे झरे वगैरे असलेलं हवा खायचं ठिकाण. तिथं रात्रभर लोकांचा पत्त्यांसारखा सोंगट्यांचा खेळ, गाणी, आरडाओरडा, म्हाताऱ्यांना झोप नाही. ते लवकर परत येतात तर शिगेच्या घरी संध्याकाळी मीटिंग, तुम्ही आत्ता कशाला आलात. त्यांच्यासाठी वेळ काढते ती एकटी नोरिको, युद्धात गेलेल्या मुलाची बायको. मग ते गावी परत जातात आणि आई आजारी पडते आणि जाते. एवढंच. १३६ मिनिटं.

१९९६ला सिनेमा संपल्यावर चर्चेत मी उभा राहून शिगेला धुतलं होतं. कृतघ्न, चंगळवादी, युद्धानंतरचा भांडवलशाही जपान वगैरे वगैरे, जे जे वाचलेलं होतं ते सगळं. नवऱ्यानं सासूसासऱ्यांसाठी महागाचे केक आणले तर ती म्हणते एवढं कशाला, आणि स्वतःच खात बसते. गिऱ्हाईक विचारतं हे कोण, तर आपल्या जन्मदात्यांना ती सांगते, गावाकडचे ओळखीचे. आणि कहर म्हणजे आई जाऊन दिवस उलटत नाही तोवर आईचा किमोनो आणि पट्टा मला पाहिजे म्हणून जेवताना मागते. सरांनी माझी पाठ थोपटली होती. त्या पाठ थोपटण्यावर मी पुढची दहा वर्षं काढली.

आज बोलायला उभा राहिलो तर हे सगळं सांगायची इच्छाच झाली नाही. नुसतं कॅमेऱ्याचं सांगितलं. ओझूचा कॅमेरा खाली असतो, आपण जमिनीवर मांडी घालून बसलो की जेवढ्या उंचीवरून दिसेल तेवढ्या, आणि तो हलत नाही, ह्या अख्ख्या सिनेमात एक-दोनदाच हलतो. आणि बापाचं काम करणारा चिशू र्‍यू तेव्हा एकोणपन्नास वर्षांचा होता, सत्तरीचा म्हातारा झालाय, त्याची मुलगी झालेली हारुको सुगिमुरा त्याच्यापेक्षा थोडीच लहान. हे सांगताना लक्षात आलं की मी आता त्या म्हाताऱ्यापेक्षा मोठा आहे. म्हणजे र्‍यूपेक्षा. बसलो खाली.

आता मुद्द्याचं लिहितो, ज्यासाठी जेवण सोडून बसलोय.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आई-आण्णा आले होते. आटपाडीकडून. आण्णांचा डोळा दाखवायचा होता. डोळा दाखवून झाला एका दिवसात, ऑपरेशन पुढं ढकललं, पण म्हणाले आलोय तर राहतो चार दिवस. आणि माझा मार्च एंड. ज्यांच्या घरात टॅक्सचं काम आहे त्यांना सांगायला नको, ऑफिस म्हणजे घराचीच पुढची खोली, रात्री एक वाजेपर्यंत माणसं, फायली, चहा, आणि हे दोघं मधल्या खोलीत टीव्हीचा आवाज बारीक करून बसलेले. आवाज बारीक करा असं मी म्हटलं नव्हतं. बायकोनंही नाही. त्यांनीच केला होता. ते जास्त लागत होतं, म्हणून मी आयडिया काढली, गाडी आणि ड्रायव्हर देतो, नरसोबाच्या वाडीला जाऊन या, कोल्हापूरला अंबाबाई करा, जोतिबा करा, दोन दिवस मस्त भक्तनिवासात राहा. आई म्हणाली, आरं जोतिबाला खेट्यात जाऊन आलोय की आताच. मी म्हटलं मग वाडी करा निवांत. खर्च माझा अर्धा आणि मुंबईच्या बहिणीचा अर्धा, फोनवर दोन मिनिटांत ठरलं, दोघांनाही बरं वाटलं.

हे सगळं करताना मला 'टोकियो स्टोरी' एकदाही आठवला नाही. ज्या माणसानं हा सिनेमा चार वेळा पाहिलाय आणि ज्यावर तो तासभर बोलू शकतो, त्याला. कमाल आहे.

आज अतामीचा सीन आला. रात्रभर झोप नाही झालेली, सकाळी दोघं समुद्राच्या भिंतीवर बसलेत, आपल्याला पाठमोरे, हॉटेलचे सारखेच पट्ट्यापट्ट्याचे कपडे, दोन लहान पोरं बसवावीत तशी. आणि माझ्या पोटात एकदम गोळा आला कारण हा फोटो माझ्या मोबाईलमध्ये आहे. ड्रायव्हरनं पाठवलेला. वाडीच्या घाटाच्या पायऱ्यांवर दोघं पाठमोरे बसलेत, समोर नदी, आईच्या शेजारी प्लास्टिकच्या पिशवीत चपला, चोरीला जातील म्हणून देवळाबाहेर न ठेवता बरोबर घेतलेल्या, आणि खाली ड्रायव्हरचा मेसेज, 'साहेब जेवन झाले दोगांचे. हितच बसल्यात.' मी त्याला अंगठा पाठवला होता. दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. मार्चचं ऊन. भक्तनिवासाची खोली होती की, मग घाटावर कशाला बसले असतील, तर आल्यावर आईकडूनच कळलं, शेजारच्या खोल्यांत कुठली तरी मोठी मंडळी उतरली होती, रात्रभर भजन आणि पोरांची पळापळ, 'झोप कसली लागतीया, पण भजन ग्वाड म्हणत हुती.' तिची तक्रारही अशीच असते, त्यात त्या लोकांचं कौतुक असतं.

येताना माझ्यासाठी कवठाच्या बर्फीचे दोन डबे आणले होते. एक मी तिथल्या तिथं ऑफिसात फोडला, आलेल्या क्लायंटना वाटला. शिगे निदान केक स्वतः तरी खात होती.

आणि मध्येच लाईट गेली. नेमकी. टोकियोतल्या उएनोला म्हातारा बायकोला म्हणतो ना, झालं, आता आपण बेघर, आणि दोघं हसतात, त्याच्या जरा पुढंच. लॅपटॉप चालू, प्रोजेक्टर बंद. एप्रिलचा उकाडा, वरच्या मजल्यावरचा पत्र्याचा हॉल, बारा मिनिटं आम्ही एकतीस जण कार्यक्रमाच्या पत्रकानं वारा घेत अंधारात बसलो होतो. त्या सिनेमात सगळे सारखे पंख्यानं वारा घेत असतात, बोलताना, ऐकताना, काही बोलायचं नसतानाही, उन्हाळ्यातली गोष्ट आहे. अंधारात पत्रकांचा फड फड आवाज, कुणी काही बोलत नव्हतं. खोटं सांगत नाही, सिनेमा बंद पडलाय असं वाटलंच नाही.

नंतर चर्चा. नेहमीचे पाच-सहा थांबले. एक इंजिनिअरिंगचा मुलगा उठला आणि त्यानं शिगेला धुतलं. शब्द वेगळे, 'टॉक्सिक' वगैरे, पण तोच मी, १९९६चा. सर माझ्याकडे बघत होते, नेहमी मी त्यात भर घालतो. मी एक्स्टेन्शन बोर्डची वायर गुंडाळत बसलो.

तेवढ्यात मागून एक बाई बोलल्या. पहिल्यांदाच आल्या होत्या, मुलगी आर्किटेक्चरला आहे तिनं ओढून आणलेल्या, पन्नाशीच्या असतील. म्हणाल्या, मी विश्रामबागला पार्लर चालवते, मला सिनेमातलं काय कळत नाही, पण एक विचारू का? त्या मुलीनं दुकान बंद ठेवायचं होतं का? आई चार दिवस येणार म्हणून? लग्नसराईत बंद ठेवलं तर गिऱ्हाईक जातं ते परत येत नाही, माझं गेलंय. आणि तिला तुम्ही सगळे वाईट म्हणताय, पण आई गेल्यावर सगळ्यात जास्त रडली कोण? तीच रडली की. ओक्साबोक्शी. मग लगेच साडी मागितली म्हणून ते रडणं खोटं होतं काय? मी माझ्या आईची इरकल मागितलीच होती. नाहीतर वहिनीनं बोहारणीला दिली असती.

कुणी काहीच बोललं नाही. मुलगी म्हणाली, आई, किमोनो गं, साडी नाही. बाई म्हणाल्या, तेच ते.

बरोबर आहे ते. ओझूनं तिला रडवलंय आणि मग साडी मागायला लावलीय आणि दोन्ही वेळा कॅमेरा तिथंच, मांडी घालून, बघत बसलेला. तो कुणाला धूत नाही. जी चांगली म्हणून आपण डोक्यावर घेतो ती नोरिकोसुद्धा शेवटी सासऱ्याला सांगते, मी तुम्हाला वाटते तेवढी चांगली नाही, कितीतरी दिवस मला तुमच्या मुलाची आठवणही येत नाही. आणि धाकटी नणंद क्योको तिला विचारते की आयुष्य म्हणजे निराशाच ना, तेव्हा ती हसून हो म्हणते. १९९६ला मी ह्या ओळीवर वहीत 'शून्यवाद' असं लिहिलं होतं. वही आहे अजून. ओझूच्या थडग्यावर नाव नाही, नुसतं एक अक्षर आहे, शून्य म्हणा, काहीच नाही म्हणा, ते कुठंतरी वाचलं होतं आणि ते तिथं चिकटवून टाकलं होतं. आज ती ओळ आली तर ती फक्त एका दमलेल्या, छान बाईनं दिलेलं खरं उत्तर वाटली.

ह्यावर मी काय करणार आहे? काही नाही. मार्च परत येणार, आण्णांचा डोळा जूनमध्ये ठरलाय तेव्हा जुलैच्या रिटर्नची गडबड सुरू झालेली असेल, टीव्हीचा आवाज परत बारीक होणार. मला माझं माहीत आहे.

खुर्च्या लावून खाली आलो तर त्या पार्लरवाल्या बाई गाडीला टेकून मेंबरशिपचा फॉर्म भरत होत्या. सरांना म्हणाल्या, शनिवारी ठेवत जाऊ नका हो, शनिवारी फेशियलची लाईन असते, आज दोन अपॉइंटमेंट हलवून आले. मंगळवारी ठेवा, मंगळवारी मी बंद असते.

सर म्हणाले, मंगळवारी हॉलमध्ये योगा असतो.

मग योगाला हलवा की शनिवारी, बाई म्हणाल्या. आणि पेन मला परत केलं.