करंट बी आहे, पेट्रोल बी आहे, मंग होत काऊन नाही

टू स्ट्रोकचं, म्हणजे पेट्रोलमधे ऑइल मिसळून चालणाऱ्या इंजिनाचं, काम घेणारे मिस्त्री आमच्या भागात आता मोजकेच राहिले, नवीन पोट्ट्यांना स्कॅनर लावून फॉल्ट कोड वाचता येतो पण मॅग्नेट (करंट तयार करणारं फिरतं चुंबक) कसा ओढायचा ते माहीत नसते, त्यामुळे जुनी लुना म्हणा, टीव्हीएस म्हणा, फवारणीचा पंप म्हणा, ज्याला सगळे नाही म्हणतात ते फिरून फिरून माझ्याच दुकानात येते. इंजिनवाल्या सायकली पण तशाच येतात. साध्या सायकलच्या फ्रेममधे बसवायचं किट मिळते, ८० सीसी म्हणून विकतात, पण बोर (सिलिंडरची रुंदी) ४७ मिमीचा आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ३८ मिमीचा, हिशोब केला तर ६६ च भरते. किक नाही, सेल्फ नाही. क्लच दाबून पायडल मारायचे, स्पीड आला की क्लच सोडायचा, मागचं चाक इंजिनाला फिरवते आणि इंजिन लागते. लागलं तर.

१९७२ ला आलेली लुना पण पायडलनंच चालू व्हायची, फरक एवढाच की तिच्यात करंट तोडायला घासणारा पॉइंट होता आणि याच्यात त्याच कामाचा इलेक्ट्रॉनिक डबा, सीडीआय आहे. म्हणजे पॉइंट घासायची भानगड नाही. म्हणून मी अशी सायकल आली की खुशीनंच घेतो, हातभर इंजिन, त्यात बिघडायला आहेच काय?

ही केस नोव्हेंबरमधली. आंबिया बहाराची तोड सुरू होती, संत्र्याचे टेम्पो सकाळी उजाडायच्या आतच नागपूरच्या कळमना मार्केटला लागतात आणि आमचं दुकान पारडीकडे असल्यामुळे येता जाता कोणी ना कोणी थांबतेच. एका टेम्पोतून काकाजी उतरले, कळमेश्वरकडचे, साठीच्या पुढचे, गुडघ्यानं हैराण. क्रेटच्या वर दोरीनं बांधलेली सायकल ड्रायव्हरनं खाली घेतली. काकाजी म्हणे, "मिस्त्री, लिलाव झाला का टेम्पो दुपारी वापस जाईन, तवरक होते का पाहा. नाई झालं तं मी हे कबाडीले देऊन टाकतो." मुलानं घेऊन दिलेली सायकल, घरापासून बागेपर्यंत आणि बागेतल्या बागेत फिरायला. मुलगा पुण्याला नोकरीवर, म्हणजे फोनवरून रिपेरिंग सांगणारा.

सोबत एक थैली होती. त्यात काढलेले प्लग, जुना सीडीआय, जुनं कार्बेटर. म्हणजे एवढं सगळं नवीन टाकून झालेलं होतं आणि इंजिन तसंच्या तसं. गावाकडच्या कोणा मिस्त्रीनं एक एक पार्ट बदलत नेला होता. मला या प्रकाराचा फार राग येतो, असं काम म्हणजे ग्राहकाच्या खिशातून तपास करणं झालं. काकाजींना काही बोललो नाही, एवढंच विचारलं, शेवटची कधी चालली होती? "मृगाच्या आधी. मंग पावसाचं कोण काढते, कोठ्यात उभी होती. दिवाई झाल्यावर काढली तं लागतच नाई."

पाच महिने कोठ्यात. हे उत्तर मिळालं की अर्धं काम सोपं होते, कारण चालता चालता बंद पडलेली गाडी आणि उभ्या उभ्या बंद पडलेली गाडी यांचे फॉल्ट वेगळे असतात. चालता चालता बंद पडली तर आधी करंट, म्हणजे प्लगची ठिणगी, पाहायचा. उभ्या उभ्या बिघडली तर आधी पेट्रोल. तरी सवयीनं मी करंटपासूनच सुरू केलं, दोन मिनिटांचं काम आहे. प्लग काढला, टोपीत लावला, हेडला टेकवला, सायकल स्टँडवर घेतली आणि दुकानातल्या पोट्ट्याला सांगितलं क्लच सोडून मागचं चाक जोरात फिरव. निळा करंट, टकटक आवाज करणारा. मॅग्नेटच्या कॉइलला मीटर लावला, निळ्या आणि काळ्या वायरमधे तीनशे-चारशे ओहमच्या मधलं रीडिंग आलं, बरोबर आहे. या किटमधे एक पांढरी वायर पण येते, तिचं उघडं टोक फ्रेमला लागलं की करंट मरते, भल्याभल्यांना ती वायर रडवते. इथे तिला टेप मारलेला होता. इंजिन बंद करायच्या किल स्विचची वायर काढून बाजूला ठेवली, म्हणजे त्याच्यावरचा संशयच संपला.

मग टाकीची नळी काढून काचेच्या बाटलीत पेट्रोल उतरवलं आणि बाटली पायरीवर ठेवून चहा प्यायलो. हे मी नेहमी करतो, घाई करणारा माणूस पेट्रोलचा वास घेतो आणि ठीक आहे म्हणतो. थोड्या वेळानं पाहिलं तर बाटलीत सरळ दोन थर. वर ऑइलचा रंग असलेलं पेट्रोल आणि खाली पांढरं, पाण्यासारखं. काकाजी पाहतच राहिले. "पंपावाल्यानं पाणी टाकलं का बाप्पा?" म्हटलं नाही काकाजी, पंपवाल्याचा काही दोष नाही. आता पेट्रोलमधे वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉलला पाण्याची भारी ओढ. टाकीच्या झाकणाला हवेसाठी छिद्र असते, पावसाळ्याची ओल तिथूनच आत जाते, वर तुमच्या कोठ्याचं टिन गळत असेल तर बघायलाच नको. थोडं पाणी इथेनॉल पोटात घेते, जास्त झालं की पेट्रोलला सोडून पाण्यासोबत तळाशी जाऊन बसते. कॉक कुठे आहे? तळाशी. म्हणजे कार्बेटरला पेट्रोल जातच नव्हतं, इथेनॉल आणि पाण्याचं सरबत जात होतं.

आणि याच्यातला खरा डेंजर वेगळाच आहे. ऑइल वरच्या पेट्रोलमधे राहते, खालच्या थरात नसल्यासारखंच. अशा टू स्ट्रोकला वेगळं ऑइल नसते, जे काय ते पेट्रोलमधूनच. ही सायकल चुकून चालू झाली असती तर कोरड्या पिस्टननं बोर खाऊन टाकला असता. एका अर्थी लागली नाही ते बरं झालं.

टाकी धुतली, वाळवली. नवीन कार्बेटरच्या फ्लोटखाली पण तेच पाणी साचलेलं, जेटमधे, म्हणजे पेट्रोल जायच्या बारीक छिद्रात, पांढरट बुरशीसारखं काही, तार नाही घातली, हवा मारून साफ केलं. ताजं पेट्रोल आणून लिटरला ५० मिली ऑइल टाकून हलवलं. प्लग पुसून गॅप बघितला. आता होणारच होती. पोट्टा बसला, पायडल मारत गेला, क्लच सोडला, चाक जड झालं, इंजिन फिरलं आणि काहीच नाही. फट पण नाही.

आता नागपुरात रस्त्यावर गाडी बंद पडली की तिथला प्रत्येक जण मिस्त्री असतो. चहावाला म्हणे प्लग गरम करून लाव. एक ऑटोवाले दादा थांबले, त्यांच्या मते कॉइलच गेली, निळा करंट दाखवला तरी म्हणे दिसते तसं नसते. शेजारचा पंक्चरवाला म्हणे काकाजी बॅटरीवाली घ्या आता. काकाजी एकटेच शांत, संत्रा सोलून सगळ्यांना फोड देत बसले होते.

प्लग काढला, ओलाचिंब. म्हणजे पेट्रोल आत येऊन राहिलं. करंट आहे. छिद्रावर अंगठा ठेवून चाक फिरवलं तर अंगठा फेकून दिला, म्हणजे कॉम्प्रेशन पण आहे. राहिला टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ. मॅग्नेटला जागेवर धरणारी छोटी चावी कातरली तर करंट येतो पण चुकीच्या वेळी येतो, म्हणून साइडचं कव्हर उघडलं, चावी जागेवर, मॅग्नेट टाइट. इथे मात्र डोकं खाजवायची पाळी आली, कारण करंट, पेट्रोल, कॉम्प्रेशन, टायमिंग, चारही साक्षीदार बरोबर बोलून राहिले होते आणि तरी गुन्हा घडून राहिला होता. तेवढ्यात टेम्पोवाल्याचा फोन, लिलाव झाला, भाव बरा भेटला, पैसे घेऊन निघतोच म्हणे.

एअर फिल्टर काढून कार्बेटरचं तोंड उघडं केलं आणि पोट्ट्याला म्हटलं परत फिरव. तोंडासमोर तळहात धरला. चोखायला पाहिजे, थोडी हवा इकडे तिकडे चालते, पण इथे तर दर फेऱ्याला पेट्रोलचा फवारा उलटा हातावर. या इंजिनात रीड वॉल्व्ह, म्हणजे आलेलं मिक्स परत न जाऊ देणारी पत्ती, नसतो, पिस्टनच आपला खालीवर होताना छिद्रं उघडतो आणि बंद करतो. जुना गॅस सायलेन्सरकडून बाहेर पडला तरच नवीन मिक्स आत मावते, तो निघाला नाही तर आलेलं सगळं आल्या वाटेनं परत. मी म्हटलं, काकाजी, ही तोंडावाटे उलटी करून राहिली. तर काकाजी एकदम उठले, म्हणे "बैलाचं पोट फुगलं का असंच होते, मांगून बंद असंन."

मागून म्हणजे सायलेन्सर! तिकडे कोणी पाहिलंच नव्हतं. पाहणार तरी कसं, सायलेन्सरची आठवण धूर पाहून येते, आणि जे इंजिन लागतच नाही त्याचा धूर कोण पाहते. वाकून पाइपचं तोंड पाहिलं तर काळंच काळं, टू स्ट्रोकच्या सायलेन्सरचं तोंड काळंच असते, ऑइलचा कार्बन. काडी घातली तर बोटभर जाऊन अडली.

सायलेन्सर काढायच्या आधी मी खात्री करून घेतली. बोरजवळचे दोन नट सोडले, सायलेन्सर बाजूला लटकवला, पोट्ट्याला म्हटलं जा. पायडल, क्लच, आणि पहिल्याच दणक्याला असा आवाज फुटला की ऑटोवाले दादा दोन पावलं मागे सरकले. किल स्विचची वायर बाहेरच होती, म्हणून बंद करायला मीच पळत जाऊन कार्बेटरच्या तोंडावर पंजा ठेवला. काकाजी हसून राहिले होते, तोंडात दात कमी, पण हसणं पूर्ण.

मग सायलेन्सरच्या टोकाची टोपी खोलली. टोपीला आत एक बारीक नळी असते, ती पूर्ण भरलेली, कार्बननं नाही, मातीनं. कुंभारमाशीचं घर. स्क्रू ड्रायव्हरनं कोरलं तर एकामागे एक खोल्या, काहींत रिकामे तपकिरी कोष, दोन खोल्यांत वाळलेल्या अळ्या, पिल्लासाठी आणून ठेवलेल्या आणि न खाल्लेल्या. लाल माती असती तर कोणालाही दिसली असती. पण कळमेश्वरकडची जमीन काळी, माशीनं बागेतलीच माती आणली, वरून पाइपचं जुनं ऑइल मुरलं, बाहेरून हुबेहूब कार्बन. काकाजींनी एक ढेकूळ चिमटीत चुरलं आणि म्हणे, "माह्याच वावराची आहे." त्या आवाजात तक्रार कमी आणि ओळख जास्त होती.

नळी साफ केली, टोपी लावली, नवीन पॅकिंग टाकून नट आवळले. आता आवाज सभ्य. टेम्पो येऊन उभा होता तरी काकाजींचा बेत बदलला, म्हणे मी चालवतच जातो, काटोल रोडनं निघतो, तासाभराचं काम. म्हटलं नका जाऊ. चारपेक्षा कमी चाकाची गाडी आणि इंजिन २५ सीसीपर्यंत असेल तरच मोटार वाहन कायद्यातून सुटते, हे ६६ आहे, ना नंबर ना आरसी. "मंग इंजिन बंद करून पायडल मारत जातो." पोलिसाला इंजिन दिसते काकाजी, ते बंद आहे हे नाही दिसत. बागेत चालवा, बागेत तुम्ही राजे. नाराज झाले पण ऐकलं.

बिल मी मजुरी, पॅकिंग आणि पेट्रोल-ऑइलचं लावलं. थैलीतला जुना सीडीआय तपासून पाहिला, चांगला होता, जुनं कार्बेटर पण साफ केलं तर कामाचं. दोन्ही परत दिले, म्हटलं फेकू नका, खर्च तर झालाच आहे, निदान स्पेअर तरी घरात राहील. मुलाचा पुण्याहून व्हिडिओ कॉल आला, त्याला सायलेन्सरची माती दाखवली, तो म्हणे हे तर इंटरनेटवर कुठंच नव्हतं.

जाताना सांगितलं, पुढच्या मृगाच्या आधी टाकी रिकामी करा, कॉक बंद करून कार्बेटरमधलं संपेपर्यंत चालू ठेवा, आणि सायलेन्सरच्या तोंडात घट्ट चिंधी कोंबा. काकाजी म्हणे ते सगळं ठीक, पण चिंधी काढाची इसरलो तं? मंग पुन्हा हेच, पुन्हा तुह्याकडे. मुद्दा बरोबर होता. मी दुकानातली लांब नायलॉनची दोरी काढली, एका टोकाला लाल चिंधी बांधली आणि दुसरं टोक क्लचच्या दांडीला कसं गुंडाळायचं ते दाखवलं, म्हणजे चिंधी काढल्याशिवाय क्लच दाबताच येणार नाही. काकाजींनी तिथेच दोनदा बांधून सोडून पाहिलं आणि दोरीचे पैसे वेगळे विचारले.