आ वासून

सोसायटीची वार्षिक सभा रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर ठेवायची, हे कुणाच्या डोक्यातून निघालं कोण जाणे. पार्किंगमध्ये भाड्याच्या प्लास्टिकच्या खुर्च्या, मान हलवत फिरणारा एक उभा पंखा, आणि खजिनदार सिंकिंग फंडाचे आकडे वाचताहेत. दुसऱ्या रांगेच्या त्या टोकाला बसलेल्या निवृत्त इंजिनियरसाहेबांनी पहिली जांभई दिली. अगदी मनमोकळी, कवळी शेवटच्या दाढेपर्यंत दिसली. शेजारच्या काकूंनी लगेच पदर तोंडाला लावला. मग तिसरी खुर्ची, चौथी खुर्ची. पंगतीत वाढपी यावा तशी ती एकेकापुढे थांबत माझ्याकडे येताना मला स्पष्ट दिसत होती.

मी ठरवलं, आपण द्यायची नाही. ओठ मिटले, दाढा आवळल्या, नजर खजिनदारांच्या फाइलवर रोखली. आली तेव्हा नाकपुड्या फुगल्या, कानांत घूं झालं, डोळ्यांतून पाणी आलं. समोर बसलेल्या सेक्रेटरींनी माझं ते ध्यान पाहिलं आणि त्यांनीच आ वासला. शेवटी ‘दुरुस्ती निधी’ वाचता वाचता खुद्द खजिनदारांचा ‘निधी’ इतका लांबला की चष्मा नाकावरून घसरला. त्याच भरात कुठला तरी ठराव एकमताने मंजूर झाला. कुठला, ते पुढच्या बिलात कळेलच.

ठरावाचं एक वेळ जाऊ द्या. पण मी ‘नाही’ म्हटलेलं असताना माझ्याच तोंडाने माझं ऐकू नये? शरीरातली बरीचशी खाती आपल्याला न विचारता चालतात, हे मान्य. हृदय, आतडी, घाम, डोळ्यांच्या बाहुल्या. तिथे आपण कधी लुडबुड करत नाही आणि कुणी सल्लाही मागत नाही. जबड्याचं तसं नाही. तो दिवसभर आपल्या हुकमतीत असतो. आपण त्याने बोलतो, चावतो, भांडतो, गप्प बसायचं ठरवून गप्पही बसतो. आणि मधूनच कुणी तरी दुसराच येऊन तो ताब्यात घेतो, सहाएक सेकंद वापरतो आणि परत करतो. तेवढ्या वेळात बोलता येत नाही, धड ऐकूही येत नाही. सुरू झालेली जांभई अर्ध्यावर मागे घेता येत नाही. उलट, हवी असेल तेव्हा ती येईलच असंही नाही. मुद्दाम तोंड उघडून बसलं तर कधी पाठोपाठ खरी येते, कधी नुसताच दंतवैद्याकडे बसल्यासारखा आ.

तोंड मिटून जांभई देणारी माणसं मला पहिल्यापासून आवडत नाहीत (सभेतला तो प्रकार अपवाद समजावा). समोरच्याला वाटावं की हा आपलं लक्षपूर्वक ऐकतोय, म्हणून हनुवटी ताणून, नाक फुगवून, मान हलवत ‘हो हो’ म्हणायचं, आणि डोळे तेवढे पाण्याने भरलेले. त्यापेक्षा सरळ आ करावा. शिवाय दाबलेल्या जांभईत काही राम नसतो. अमेरिकेत बाल्टिमोरला रॉबर्ट प्रोव्हाइन नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी माणसांना दात घट्ट आवळून जांभया द्यायला लावल्या होत्या. सगळ्यांचं म्हणणं एकच : जांभई येते, पण कुठे तरी अडकून बसते, समाधान होत नाही. नाक चिमटीत धरून द्या, मस्त येते. आत्ता करून पाहायला हरकत नाही. नाही तरी इथपर्यंत वाचून तुम्हाला एखादी आली असेलच. ती नुसत्या वाचण्यानेही लागते.

शाळेत विज्ञानाला दोन मार्कांचा प्रश्न असायचा : जांभई का येते? रक्तातला ऑक्सिजन कमी होतो म्हणून. एवढं लिहिलं की बाई बरोबरची खूण करत. याच प्रोव्हाइनसाहेबांनी १९८७ मध्ये विद्यार्थ्यांना शुद्ध ऑक्सिजन हुंगायला दिला, कार्बन डायऑक्साइड वाढवलेली हवाही दिली, आणि जांभया मोजल्या. त्यांत काही फरक पडला नाही. म्हणजे ते दोन मार्क आम्हाला फुकटचे मिळाले. मग का येते? पुढे अँड्र्यू गॅलप या संशोधकांनी डोकं लढवलं की मेंदू तापला की तो थंड करायला येते. २००७ च्या त्यांच्या प्रयोगात कपाळावर गार पट्टी ठेवलेल्यांना दुसऱ्याची जांभई फारशी लागेना. सगळ्यांना हे पटलेलं नाही. मला मात्र पटवून घ्यायला आवडेल, कारण मग पुढच्या सभेला कपाळावर ओल्या फडक्याची घडी ठेवून बसता येईल. त्यांनीच नंतर निरनिराळ्या प्राण्यांच्या जांभयांची लांबीही मोजली. उंदराची दीड सेकंदाच्या आत आटोपते. मेंदू मोठा, तशी जांभई लांब. त्या हिशेबाने आमचे खजिनदार प्रचंड बुद्धिमान निघतील.

आपल्याकडे मोजामोजी नव्हती, पण जांभईला मान होता. चरकसंहितेत जे वेग अडवू नयेत असे तेरा सांगितलेत, त्यांत शिंक, ढेकर, अश्रू, झोप यांच्याबरोबर जांभईही आहे. योगाच्या जुन्या परंपरेत तर शरीरातल्या पाच उपवायूंपैकी एक खास जांभईच्या खात्यावर नेमलेला, त्याचं नाव देवदत्त. (वर्गात एक देवदत्त होता. मागच्या बाकावर बसायचा आणि नावाला जागायचा.) आणि महाभारतातल्या उद्योगपर्वातली ती वृत्राची गोष्ट. वृत्राने इंद्राला गिळलं. देव घाबरले. शस्त्र चालेना, तेव्हा त्यांनी जांभई निर्माण केली. वृत्राने आ वासला, इंद्र अंग आकसून बाहेर निसटला, आणि तेव्हापासून जांभई प्राणिमात्राच्या प्राणाला चिकटली ती चिकटलीच. देवांच्या राजाला गिळणाऱ्याला स्वतःचा जबडा मिटून धरता आला नाही, तर दुपारी तीनला आपली काय कथा.

प्राणिमात्र म्हणजे मात्र सगळे नव्हेत. जांभई पुष्कळांना येते, पण दुसऱ्याची लागते थोड्यांना. लंडनमध्ये २००८ साली २९ कुत्र्यांसमोर एका माणसाने जांभया दिल्या, तर २१ कुत्र्यांनी उत्तरादाखल दिल्या. कासवांवरही एक प्रयोग झाला. एका कासवाला जांभईसारखं तोंड उघडायला शिकवून बाकीच्या कासवांसमोर बसवलं. कुणीही दाद दिली नाही. या संशोधनाला २०११ चं इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या कामांना देतात ते. माणसाचं पोरही चारएक वर्षांचं होईपर्यंत कासवांच्याच पक्षात असतं. माझ्या भाच्याला मांडीवर घेऊन मी एकदा भली मोठी जांभई दिली. त्याने शांतपणे माझ्या तोंडात बोट घालून दाढ चाचपली, आणि ते बोट माझ्याच शर्टाला पुसलं.

आमच्या आजीचा जांभईशी उभा दावा. कुणी जांभई दिली की तिची चुटकी वाजलीच. स्वतःला आली तर तोंडापुढे चुटक्या आणि ‘नारायण, नारायण’. का, असं विचारलं तर कारण दर वेळी वेगळं. कधी म्हणायची, तोंड उघडं राहिलं की नको ते आत शिरतं. कधी म्हणायची, आतलं बाहेर जातं. आम्हा मुलांचं मत होतं की चुटकीने जांभई मध्येच मोडते. ती मोडत नसे, पण आजीची चुटकी इतकी कडक वाजायची की दचकून झोप मात्र उडायची.

कऱ्हाडजवळच्या आमच्या गावच्या घरी सोप्यात आबांची बाज होती. आबांना, म्हणजे आजोबांना, आम्ही लहान असतानाच अर्धांगवायू झाला. डावी बाजू गेली. पाय पुढे थोडा सुधारला, काठी धरून न्हाणीपर्यंत जायचे. हात काही उठला नाही. तो मांडीवर एका घडी घातलेल्या धोतरावर ठेवलेला असायचा. बोटं आत वळलेली. आजी रोज ती एकेक करून सरळ करायची, नारायण तेल चोळायची, तळव्यात साचलेला घाम पुसायची. सोडली की बोटं परत आत. कुणी कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं, ते आजीने उंबऱ्याबाहेरूनच परत पाठवलं.

उन्हाळ्याच्या सुटीत आमचा आत्येभाऊ आणि मी दुपारी सोप्यात पत्ते कुटत होतो. आबांना जांभई आली. आणि तो हात उठला. आधी हनुवटी वर गेली, तोंड उघडायला लागलं, आणि त्याबरोबर डावं कोपर वाकलं, मनगट धोतराच्या घडीवरून सुटलं, हात सावकाश छातीपर्यंत वर आला. जांभई भरात असेपर्यंत तिथेच राहिला. मग तोंड मिटत गेलं तसा खाली आला, पण जागा चुकली, घडीऐवजी बाजेच्या कडेवर पडला. आबांनी उजव्या हाताने तो उचलून जागेवर ठेवला आणि आमच्याकडे असं पाहिलं, जणू हे आम्हीच केलं.

आत्येभाऊ ओरडत आत गेला. आजी पिठाच्या हातांनी बाहेर आली. “उचला बघू,” म्हणाली. आबांनी जोर लावला. कपाळावरची शीर तेवढी फुगली. आम्ही दोघं मग समोर बसून खोट्या खोट्या जांभया द्यायला लागलो. बऱ्याच वेळाने आबांना एक लागली, आणि हात पुन्हा छातीपर्यंत. आजीने तशीच जाऊन मारुतीला नारळ फोडला.

मोटारसायकलवरून कऱ्हाडचे डॉक्टर आले. तरुण होते, समजुतीचे होते. त्यांनीही हात उचलायला सांगितलं, नुसतं एक बोट हलवायला सांगितलं, काही नाही. मग आमची जांभयांची बैठक बघितली. म्हणाले, “ही सुधारणा नव्हे, आजी. हुकूम वरच्या मेंदूतून सुटतो, त्याची वाट बंद पडलीय. जांभई निघते ती मेंदूच्या बुडातून. ती आपली आपण खाली उतरते आणि हाताला घेऊन जाते. त्यांनी उचललेला नाही तो.”

“मग कुणी उचलला?” आजीने विचारलं.

डॉक्टरांनी बॅग आवरली.

या प्रकाराला पुढे, २००५ साली, ऑलिव्हिए वालुसिंस्की या फ्रेंच डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नाव दिलं : पॅराकायनेशिया ब्रॅकियालिस ऑसिटान्स. डॉक्टरलोकांना तो त्याआधीच शंभरावर वर्षं दिसत होता. मेंदूचा वरचा, नंतर आलेला थर गप्प झाला की खालचा जुना कारभारी हातपाय थोडे मोकळे चालवतो, असा काहीसा अंदाज आहे. ज्यांना स्वतःहून तोंडही उघडता येत नाही, नुसत्या पापण्यांनी हो-नाही सांगतात, अशा रुग्णांनाही जांभई येते आणि तेवढ्यापुरतं तोंड पूर्ण उघडतं, म्हणतात. आबांना यातलं काही सांगता आलं असतं तर ते काय म्हणाले असते, कोण जाणे. त्यांना स्वतःला तो हात उठताना फारसा आवडायचा नाही. आधी नुसतेच नजर वळवायचे. नंतर नंतर त्याच्याकडे बघत बसायला लागले, दारात आलेल्या अनोळखी माणसाकडे बघावं तसे.

आजीने डॉक्टरांचं सगळं ऐकून घेतलं आणि आपलं चालू ठेवलं. जेवणाची आवराआवर झाली की ती बाजेसमोर पाट घेऊन बसायची आणि जांभया द्यायची. सुरुवातीच्या खोट्या असायच्या. तिसऱ्या-चौथ्याला खरी यायची, कारण पहाटे पाचपासून उभी असलेली बाई ती. तेवढ्या वेळापुरत्या तिच्या चुटक्या बंद. आम्ही कुणी सवयीने वाजवली तर हातावर फटका बसायचा. आबांचा हात वर गेला की तो खाली यायच्या आत ती त्याच्याखाली आपला तळवा धरायची, बाजेच्या कडेला लागू नये म्हणून.

काका एकदा वैतागले. “आई, डॉक्टरांनी सांगितलंय ना, याने काही फरक पडायचा नाही म्हणून?”

“फरकाचं कोण बोलतंय?” आजी म्हणाली. “हलतोय तेवढा हलू दे की.” आणि आबांकडे वळून, “अहो, इकडं बघा. खिडकीकडं काय बघताय?”