कलोसियमच्या रांगेतली जकात

मी टूर मॅनेजर आहे, गेल्या जूनमध्ये ३४ जणांचा ग्रुप घेऊन रोमला होतो. सकाळी अकरालाच डोकं फुटेल असं ऊन, आणि कलोसियमच्या रांगेत नेहमीचा विषय निघाला, टॉयलेटचा. एक युरो! मावशींनी लगेच त्याचे रुपये करून सगळ्यांना ऐकवले, "एवढे पैसे आणि वर धुवायला पाणी नाही."

आत गेलं की लोकल गाइड बोलते, मला फक्त बस आणि रांग मिळते, म्हणून मी चान्स सोडला नाही. म्हटलं मावशी, ज्याने हे कलोसियम बांधायला घेतलं ना, त्या वेस्पासियनने मूत्रावरच टॅक्स लावलेला. खरंच. नीरोने तिजोरीत खडखडाट करून ठेवला होता, त्यात इ.स. ६९ साली वर्षभरात चार सम्राट, गाल्बा, ओथो, व्हिटेलियस आणि हा चौथा. रोमचे धोबी कपडे धुवायला शिळी लघवी वापरायचे, अमोनियाने मळ निघतो म्हणून, तर याने त्यावर कर बसवला. पोरगा टायटस म्हणाला, बाबा, हे काय, शोभतं का. तर याने वसुलीतलं नाणं त्याच्या नाकाखाली धरलं, वास येतो का रे? नाही म्हणाला. "मग! त्यातलंच आहे."

सगळे हसले, एक काका सोडून. पहिल्या दिवशी बसमध्ये ओळख करून देताना ते म्हणाले होते, जकात नाक्यावर कारकून होतो, आता रिटायर. त्यावर मागून कोणीतरी, "मग काय काका, युरोप टूर व्हायलाच हवी!" बस खदखदली, मीपण हसलो (अजून आठवलं की कसंतरी होतं). त्यानंतर आठ दिवस काका नाश्त्याला 'नमस्कार' सोडून काही बोलले नव्हते.

ते पुढे आले. "त्याच्या घरात कोणी वसुलीत होतं का हो?"

मी उडालोच. होतं ना, वडील! आशिया प्रांतात, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानात, मालाच्या किमतीचा चाळिसावा हिस्सा गोळा करायचे.

"अडीच टक्के," काका म्हणाले. "म्हणजे जकातच."

आणि तिथल्या गावांनी त्यांचे पुतळे उभे केले होते म्हणतात, खाली अक्षरं, 'ज्याने वसुली सचोटीने केली'.

"पुतळा? जकातवाल्याचा?" मला दोनदा सांगायला लावलं. मग राज्यावर बसला तेव्हा वय किती? म्हटलं ५९. "आमच्याकडे ५८ला घरी पाठवतात," म्हणाले, आणि आठ दिवसांत पहिल्यांदा हसले.

मग काय, रांग सरकेना आणि काका सोडेनात. गादीवर यायच्या आधी पैसे संपले म्हणून खेचरांचा धंदा केला, नीरोच्या गाण्यात डुलक्या काढल्या म्हणून दरबारातून हाकलला गेला, सगळं सांगितलं. एका कारागिराने मोठाले खांब स्वस्तात हलवायची युक्ती दाखवली तर बक्षीस दिलं पण वापरली नाही, माझ्या गरिबांना पोट भरू दे म्हणाला. ७९ साली मरायला टेकला तेव्हाही चेष्टाच, "अरेरे, मी देव होतोय वाटतं," कारण तिकडे मेलेल्या सम्राटाला देव करायची पद्धत होती. कलोसियम उघडलं ते टायटसने, ८० साली. त्यात रोमनांनी केलेल्या जेरुसलेमच्या लुटीचा पैसा आहे असं मानतात, एरवी ही बाजू मी हसवण्याच्या नादात गाळतो, त्या दिवशी सांगितली. काका म्हणाले, "ती वसुली नाही, दरोडा."

बाहेर आल्यावर मावशी परत टॉयलेटवर आल्या. काका म्हणाले थांबा, मी भरतो सगळ्यांचे. काउंटरवरच्या बाईसमोर नाणी मोजून ठेवली, एकेक करून, आणि शुद्ध मराठीत म्हणाले, "पावती."