आईच्या पोथीसाठी अॅक्रिलिकचा स्टँड

गुडघ्यांच्या दुखण्यामुळे आईला पारायणासाठी मांडी घालून बसणे जमेनासे झाले, म्हणून टेबलावर ठेवता येईल असा उतरता स्टँड गिरगावातल्या आमच्या घरीच तयार करायचे मी ठरवले. पाच मिलिमीटर जाडीचे अॅक्रिलिक दुकानदाराकडूनच ३० बाय ५० सेंटिमीटर मापाचे कापून घेतले. हीट गन (गरम हवेचा झोत सोडणारे हत्यार) आणि सी-क्लॅम्प (स्क्रूने आवळायची पकड) नागदेवी स्ट्रीटवर मिळाले. शीट अॅक्रिलिकचीच असल्याची खात्री मात्र आधी करून घेतली, कारण पारदर्शक पीव्हीसी दिसायला तशीच असते आणि ती फार तापली तर हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू सुटतो.

कडांवर करवतीच्या खुणा राहिल्या, तर वाकवताना तिथूनच चीर जाण्याची शक्यता असते. म्हणून त्या कानशीने सारख्या करून ४००, ६०० आणि १००० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी लावत घासल्या.

खरे काम उष्णतेचे. अॅक्रिलिक १०५ अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागते, पण नीट वाकवण्यासाठी ते १५० ते १६० अंशांपर्यंत तापावे लागते, आणि प्लास्टिकमधून उष्णता फार सावकाश आत जात असल्याने वरचा पृष्ठभाग तयार झाला तरी गाभा कडकच असतो. प्लायवूडच्या दोन फळ्यांमध्ये बोटभर फट ठेवून, वाकवायची रेघ त्या फटीवर येईल अशी शीट मी क्लॅम्पने आवळली; रेघेलगतचा संरक्षक कागद दोन्ही बाजूंनी सोलून टाकला होता. हीट गन एका जागी न थांबवता रेघेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत ठेवली आणि थोड्या थोड्या वेळाने शीट उलटून दुसरी बाजूही तितकीच तापवली. आधी उरलेल्या तुकड्यावर मुद्दाम जास्त आच देऊन पाहिले होते: आत बारीक बुडबुडे आले, आणि ते काही केल्या जात नाहीत. अॅक्रिलिक हवेतला दमटपणा शोषते आणि त्यामुळे हे बुडबुडे लवकर येतात. म्हणूनच हे काम मुंबईच्या पावसाळ्यात काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

शीटची मोकळी बाजू आपल्याच वजनाने लवू लागली, की ती तयार झाली असे समजावे. जोर लावावा लागत असेल, तर आणखी तापवणेच योग्य. सुती हातमोजे घालून पुढची चार सेंटिमीटरची ओठासारखी पट्टी लाकडी ठोकळ्याला टेकवून वर वळवली, गुण्या लावून काटकोन तपासला आणि शीट कोमट होईपर्यंत हात हलू दिला नाही. मग मागचा पाय त्याच पद्धतीने वळवला. धुराच्या वासामुळे खिडक्या उघड्या ठेवणे आवश्यक होते, पण पंखा पूर्ण बंद ठेवला आणि ओले फडकेही लावले नाही, कारण घाईने थंड केलेल्या वळणात ताण अडकून राहतो.

हा ताण डोळ्यांना दिसत नाही. मात्र वळणावर स्पिरिट किंवा सॅनिटायझर लागले, की तिथे बारीक तडांचे जाळे उमटू शकते. त्यामुळे स्टँड केवळ साबणाच्या सौम्य पाण्याने आणि मऊ सुती फडक्याने पुसावा, असे मी घरात सर्वांना सांगून ठेवले आहे.