फिलॅमेंट नसलेला दिवा : आमची वाटचाल

आमचा धंदा चोकवर उभा राहिला. 1998 साली भोसरीत दहा बाय वीसच्या भाड्याच्या गाळ्यात मी आणि माझा मेहुणा ट्यूबलाइटचे जळलेले चोक भरून द्यायचो. चोक उघडायचा, वेढे मोजायचे, नवी तार भरायची, वार्निशात बुडवून भट्टीत ठेवायचा. इलेक्ट्रॉनिक चोक स्वस्त झाले आणि ते काम आटलं. मग विजेची पॅनेलं केली, मग कारखान्यांच्या शेडमधले दिवे. झाडांशी आमचा संबंध दारातल्या तुळशीपुरता.

झाडं धंद्यात आली 2010 मध्ये. पुणे जिल्ह्यातल्या एका टिश्यू कल्चर, म्हणजे झाडाच्या तुकड्यापासून रोपं तयार करणाऱ्या, लॅबने आम्हाला पॅनेल दुरुस्तीला बोलावलं होतं. केळीची ग्रँड नैन आणि तळेगावकडच्या पॉलिहाऊसवाल्यांसाठी जरबेरा, अशी रोपं तिथे बाटल्यांत वाढायची. ग्रोथ रूममध्ये 24 रॅक, प्रत्येक रॅकला पाच खण, प्रत्येक खणावर दोन ट्यूब. एकूण 240 ट्यूब, रोज सोळा तास चालू. आणि ट्यूबची उष्णता बाहेर काढायला एसी चोवीस तास. काम आटोपून निघताना लॅबच्या मॅडमनी विजेचं बिल माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाल्या, "हे कमी करून द्या. रोपांचं माझं मी बघते."

मी तिथेच टाँग टेस्टर, म्हणजे तारेतला प्रवाह मोजायचा चिमटा, लावला. ट्यूबवर 36 वॉट लिहिलेलं, पण जुन्या चोकसकट एकेक पट्टी 50 वॉटच्या आसपास खात होती. म्हणजे खोलीचा भार 12 किलोवॉट, दिवसाला 192 युनिट. दिव्यात गेलेली वीज शेवटी उष्णताच होते, आणि ती उष्णता बाहेर फेकायला एसी तिच्या साधारण एक तृतीयांश वीज आणखी घेतो. ते 64 युनिट धरून दिवसाला 256. आयुष्यभर चोक भरले, पण चोकच्या उष्णतेला एसी लावायचे पैसे कुणीतरी भरतं, हे डोक्यात पहिल्यांदा तेव्हा शिरलं.

त्याच सुमारास बाजारात इंडक्शन दिव्यांची हवा होती. रस्त्यांवर, पेट्रोल पंपांवर लागत होते. एक पुरवठादार जाडजूड कॅटलॉग घेऊन आला. आयुष्य एक लाख तास, फिलॅमेंटच, म्हणजे टोकाची तापणारी तार, नाही त्यामुळे जळायचा प्रश्न नाही, 200 वॉटचा दिवा 400 वॉटच्या सोडियम दिव्याच्या बरोबरीचा, आणि पिकांना "नैसर्गिक सूर्यप्रकाशासारखा". मी हिशेब केला: वर्षाला 5,840 तास, म्हणजे लाख तासांना सतरा वर्षं. मेहुणा म्हणाला, "दाजी, ह्यात आपला दुसऱ्यांदा धंदा कसा होणार?" मी त्याच्यावर हसलो आणि आठ दिवे मागवले.

दिवा दिसायला देखणा. मनगटाएवढ्या जाड काचेच्या नळीचा बंद आयत, आणि त्याच्या दोन आखूड बाजूंवर फेराइटची दोन कडी, त्यांवर तारेचे वेढे. आत एकही तार जात नाही. बॅलास्ट, म्हणजे दिव्याला हवी तशी वीज पुरवणारा डबा, त्या वेढ्यांना दोन-अडीचशे किलोहर्ट्‌झचा प्रवाह देतो आणि चुंबकीय क्षेत्राच्या जोरावर नळीतला वायू पेटतो. ट्रान्सफॉर्मर भरणाऱ्या माणसाला हे लगेच कळतं: पहिलं वेटोळं तारेचं, दुसरं वेटोळं खुद्द पेटलेल्या वायूचं. बिनतारी दिव्यांचे प्रयोग टेस्लाने 1890 च्या दशकातच लोकांसमोर करून दाखवले होते. बाजारात आणायला मात्र शंभरेक वर्षं लागली. फिलिप्सचा क्यूएल दिवा 1991 चा.

पहिल्याच दिवशी वर्कशॉपमध्ये दिवा लावला आणि आमच्या मामांचा रेडिओ भणभणायला लागला. मामा म्हणजे आमचे सर्वांत जुने फिटर. मीडियम वेव्हवर आकाशवाणी लावल्याशिवाय त्यांचा हात चालत नाही. दिवा बंद, गाणं चालू. दिवा चालू, नुसती घरघर. मामांनी स्पष्ट सांगितलं, "साहेब, एकतर हा राहील नाहीतर मी." बॅलास्टचं अर्थिंग नीट केलं, दिव्यापर्यंतची केबल आखूड केली, तेव्हा घरघर निम्मी झाली.

एका गोष्टीत मात्र दिव्याने मला जिंकलं. लोडशेडिंगचे दिवस होते. सोडियम किंवा मेटल हॅलाइड दिवा एकदा विझला की नळी थंड होईपर्यंत पुन्हा पेटत नाही. काही मिनिटं अंधारात बसायचं. हा पठ्ठ्या वीज आली की त्याच क्षणी पेटायचा. मी दहा वेळा स्विच खालीवर करून पाहिला.

मग लॅबमध्ये दोन दिवे चाचणीला लावले, आणि पंचाईत सुरू झाली. टिश्यू कल्चरचा रॅक म्हणजे फडताळ. दोन खणांत जेमतेम हातभर अंतर. त्यात 200 वॉटचा दिवा बसवला तर खालच्या बाटल्या शिजतील. म्हणून आम्ही ते छताला टांगले. वरच्या खणावर लख्ख उजेड, तिसऱ्या खणापासून खाली काळोख. रिफ्लेक्टरने फार फरक पडेना, कारण नळी एवढी जाड की वर गेलेला उजेड परत येताना नळीच त्याच्या आड येते. रॅकला लांब, बारीक आणि मवाळ दिवा लागतो. हे खरं तर फडताळ बघूनच कळायला हवं होतं. बारा वर्षं दिव्यांत असलेल्या माणसाला ते कळलं नाही, याचं कारण मी दिव्याच्या प्रेमात होतो, दुसरं काही नाही.

तरी मी हटून होतो. लक्स मीटर घेऊन वरच्या खणाचे आकडे मॅडमना दाखवले. त्यांनी मला त्यांच्या ओळखीच्या, कृषी महाविद्यालयातल्या एका सरांकडे पाठवलं. सरांनी आधी कॅटलॉग वाचला आणि त्यातल्या "प्युपिल ल्युमेन"वर बोट ठेवलं. अंधुक उजेडात माणसाची बाहुली कशी प्रतिसाद देते त्यावरून खरा आकडा फुगवून हा मोठा आकडा काढतात, असं त्यांनी समजावलं. "केळीच्या रोपाला बाहुली असते का?" एवढंच विचारून त्यांनी कपाटातून क्वांटम मीटर काढून दिला.

लक्स मीटर माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाने मोजतो. डोळ्याला हिरवा-पिवळा प्रकाश सर्वांत उजळ दिसतो, लाल आणि निळा फिका. रोप 400 ते 700 नॅनोमीटरमधला सगळाच प्रकाश कामाला लावतं, म्हणून तिथे क्वांटम मीटरने प्रकाशाचे कण मोजावे लागतात, दर चौरस मीटरवर सेकंदाला किती पडतात ते, मायक्रोमोलमध्ये. साध्या पांढऱ्या ट्यूबखाली 74 लक्सला एक मायक्रोमोल, उन्हात 54 ला एक, सोडियमखाली 82 ला एक. बाटलीतल्या रोपाला 3,000 लक्स लागतात असं लॅबवाले म्हणतात, ते ट्यूबखाली साधारण 40 मायक्रोमोल. दिवा बदलला की तोच लक्सचा आकडा वेगळं सांगतो.

त्या मीटरने आमचे डोळे उघडले. वॉटमागे पाहिलं तर इंडक्शन दिवा चांगल्या टी-5, म्हणजे बारीक नळीच्या, ट्यूबच्या पुढे नव्हता. आणि का असावा? आत तोच पारा, त्याचे तेच अतिनील किरण, काचेवर त्यांचा उजेड करणारी तीच पावडर. फिलॅमेंट काढल्याने दिवा जास्त जगतो. जास्त उजेड देत नाही. आमच्यासारख्यांनी दोन्ही गोष्टींची गल्लत केली होती. पुढे 2014 मध्ये अमेरिकेतल्या युटा स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांचा रोपांसाठीच्या वेगवेगळ्या दिव्यांची तुलना करणारा निबंध सरांनीच पाठवला. त्यात इंडक्शन दिवा एका ज्यूलमागे, म्हणजे एक वॉट सेकंदभर खाल्ल्यावर, एक मायक्रोमोलच्याही जरा खाली होता, उत्तम सोडियम आणि तेव्हाचे उत्तम एलईडी 1.7 च्या घरात. आमचं वर्कशॉपमधलं गणित बरोबर होतं, याचा आनंद झाला आणि आठ दिव्यांच्या बिलाचं दुःखही.

लॅबला शेवटी 28 वॉटच्या टी-5 पट्ट्या दिल्या. ट्यूब जरा आखूड, जुन्याच खणात बसते. इलेक्ट्रॉनिक बॅलास्टसकट 31 वॉट. भार 12 वरून साडेसात किलोवॉटखाली, एसी धरून दिवसाला शंभरेक युनिटची बचत. युनिटला सात रुपये धरले तर वर्षाला अडीच लाखांच्या आसपास. मॅडमनी चेक वेळेवर दिला, हे मुद्दाम लिहितो, कारण असे ग्राहक फार नसतात.

राहिलेल्या इंडक्शन दिव्यांचं काय झालं तेही सांगायला हवं. सहा वर्षांत तीन बॅलास्ट गेले. नळी ठणठणीत, पण लाख तासांची भाषा नळीची होती. बॅलास्टमधले कपॅसिटर आपल्याकडच्या उन्हाळ्याला आणि व्होल्टेजच्या चढउतारांना किती टिकणार? दुसऱ्या कंपनीचा बॅलास्ट त्या नळीला जमत नाही, आणि पुरवठादाराचा फोन तोवर बंद झाला होता. चालू असलेले पाच दिवे एका गोदामाच्या तीस फूट उंच छताला लावले. तिथे दिवा बदलायचा म्हणजे परांची बांधावी लागते, त्यामुळे न जळणारा दिवा तिथे खरोखर शोभतो. बॅलास्ट गेलेल्या तीन नळ्या पाऱ्यामुळे भंगारात देता येईनात. 2016 च्या ई-कचरा नियमांत पाऱ्याचे दिवेही आले, मग अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे पाठवल्या.

आता आमचं काम जवळजवळ सगळं एलईडीचं. 2015 च्या, स्वस्त एलईडी बल्ब देणाऱ्या उजाला योजनेनंतर घरगुती बल्ब स्वस्त झाले आणि लोकांची भीड चेपली. आजही कुणीतरी जुने इंडक्शन दिवे स्वस्तात मिळतायत म्हणून फोन करतं. बंद खोलीत लेट्यूस लावायचं असतं. त्यांना मी एकच गणित सांगतो. लेट्यूसला चौरस मीटरमागे 200 मायक्रोमोल, सोळा तास, एवढं तरी द्या. 200 वॉटचा इंडक्शन दिवा सगळा मिळून 190 च्या आसपास टाकतो, तोही सगळा पानावर पडला तर. म्हणजे एक चौरस मीटरही धड भागत नाही. तेच काम ज्यूलमागे अडीच मायक्रोमोल देणारा एलईडी 80 वॉटमध्ये करतो. वरच्या 120 वॉटचं बिल आणि त्याचा एसी, दोन्ही तुमच्या खिशातून. बरेच जण ऐकतात. काहीजण तरी घेतात, मग वर्षाने बॅलास्ट शोधत येतात.

सरांचा मीटर आम्ही चार महिने वापरून परत केला आणि स्वतःचा घेतला. किंमत ऐकून मेहुणा दोन दिवस बोलला नव्हता. खंडेनवमीला आमच्याकडे पक्कड, टाँग टेस्टर, वाइंडिंगचं जुनं यंत्र यांच्या रांगेत तो मीटरही पुढे मांडतात. लक्स मीटरलाही हळदकुंकू लागतं, पण मामा त्याला मागच्या रांगेत ठेवतात.