मुलुंड ते नाणेघाट, तळणीच्या तेलावर

जानेवारीतल्या एका शनिवारी पहाटे पाचला मुलुंडहून निघालो आणि रविवारी रात्री नऊला परत आलो. येऊन-जाऊन साधारण साडेतीनशे किलोमीटर झाले. त्यात डिझेल लागलं १३ लिटर आणि तळणीचं तेल २१. तेलाचा वाटा याहून बराच मोठा व्हायला हवा होता. तो का झाला नाही, ते घाटघरच्या सकाळी कळलं. हा वृत्तांत मुख्यतः त्या सकाळसाठी लिहितो आहे.

आधी गाडीबद्दल. महिंद्राची एमएम ५४०, तिच्यात प्यूजोचं २११२ सीसीचं एक्सडीपी इंजिन. हे जुनं इनडायरेक्ट इंजेक्शनचं इंजिन. त्यात इंधन आधी हेडमधल्या छोट्या कप्प्यात पेटतं आणि मग सिलिंडरमध्ये उतरतं, त्यामुळे जाड तेलही बऱ्यापैकी जळतं. माझ्या इंजिनाला इनलाइन पंप आहे, ही दुसरी जमेची बाजू. रोटरी पंप थंड, जाड तेल ओढता ओढता लवकर दमतो. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात अर्धवट जळालेलं तेल पिस्टनच्या रिंगांत कार्बन होऊन बसतं. आणि कॉमन रेलची, म्हणजे खूप जास्त दाबानं इंधन फवारणारी नवी डिझेल गाडी असेल तर या वाटेला जाऊच नका, एका डब्यातही इंधन फवारणाऱ्या नोझलांचा बळी जाईल.

कल्पना नवी नाही. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. अडचण आहे ती जाडपणाची. चाळीस अंशांना खाद्यतेल डिझेलच्या दहापट किंवा त्याहून जाड असतं. ते सत्तर अंशांपर्यंत तापवलं की पंप आणि नोझल ते झेपवू शकतात. म्हणून दोन टाक्या: गाडी चालू करायची डिझेलवर, रेडिएटरचं पाणी तापलं की तेलावर न्यायची, आणि बंद करण्याआधी पुन्हा डिझेलवर आणून पाइप, पंप, नोझल धुऊन काढायचे. हा शेवटचा भाग ज्यांना पाळता येणार नाही त्यांनी खर्च करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कामाला दीड महिना लागला. मागच्या सीटच्या पाठीमागे ४० लिटरची स्टीलची टाकी, आत आडवे पत्रे घातलेली. हे पत्रे विसरू नका. रस्त्यावर त्यांची गरज भासत नाही, पण नाणेघाटाच्या पठारावर गाडी एका बाजूला कलली की तेल एका कोपऱ्यात जातं आणि पाइप हवा ओढतो. टाकीत गरम पाण्याची कॉइल, बोनेटखाली हीट एक्स्चेंजर (इंजिनच्या गरम पाण्यानं तेल तापवणारा), त्यानंतर वेगळा फिल्टर, आणि ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ दोन थ्री-वे व्हॉल्व्ह, एक येणाऱ्या इंधनाचा, दुसरा रिटर्नचा, म्हणजे पंपाकडून उरून परत येणाऱ्या इंधनाचा. व्हॉल्व्ह आणि फिल्टरचे भांडे नागदेवी स्ट्रीटवर मिळाले, एक्स्चेंजर कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारात. कुर्ल्याच्या उस्तादांनी कॉइलसाठी तांब्याचा पाइप काढला होता, वाकवायला सोपा म्हणून. मी अ‍ॅल्युमिनियमचा लावून घेतला. गरम तेल तांब्याला लागलं की लवकर बिघडतं आणि चिकट होतं.

कागदपत्रांचं काम गॅरेजला जाण्याआधी करा. गाडीतले बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येतात. आपल्या आरटीओत लेखी विचारा, विमा कंपनीलाही कळवा, आणि पीयूसी दोन्ही इंधनांवर तपासून बघा.

तेल कुठून आणायचं, हा मुंबईत सगळ्यात नाजूक प्रश्न. एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार तेलातले टोटल पोलर कंपाउंड (तळून तळून तेल बिघडलं की वाढणारे घटक) २५ टक्क्यांवर गेले की ते तळायला वापरता येत नाही, आणि रोज ५० लिटरहून जास्त तेल लागणाऱ्या व्यवसायांना हिशेब ठेवून ते मान्यताप्राप्त संकलकालाच द्यावं लागतं. काळं झालेलं तेल फिरून कुणाच्या ताटात येऊ नये म्हणून हा नियम आहे आणि तो मला मनापासून पटतो. म्हणून हॉटेलांकडे न जाता मी आमच्या आणि शेजारच्या दोन सोसायट्यांत चिठ्ठी लावली. दिवाळीनंतर चकल्या-शंकरपाळ्यांचं उरलेलं तेल लोकांनी बरण्यांतून आणून दिलं. बहुतेक शेंगदाणा आणि सूर्यफूल. ते दोन महिने डब्यांत न हलवता ठेवलं, वरचं निवळ काढलं, साठ अंशांपर्यंत तापवून सुती कापड, मग ५ मायक्रॉन, मग १ मायक्रॉनच्या पिशवीतून गाळलं. पाणी राहिलंय का ते बघायला तापल्या तव्यावर थेंब टाकायचा. तडतडला तर तेल पुन्हा निवळायला ठेवायचं. पाणी पंपाला गंजवतं, त्यात घाई नको.

टाकी भरायला एक डबा कमी पडत होता. तो कोपऱ्यावरच्या वडापाववाल्या मावशींनी दिला.

"मावशी, तेल कुठलं वापरता?"

"पामच की रे बाबा, परवडतं ते."

गाळून तेही ओतलं.

शनिवारी माझ्याबरोबर भाचा होता. खारेगाव ओलांडेपर्यंत तापमानाचा काटा जेमतेम हलला, जुनी इंजिनं थंडीत उशिरा तापतात. रांजनोली नाक्याजवळ तेलावर घेतली. आवाज थोडा मऊ झाला, बाकी फरक नाही. कल्याणच्या दुर्गाडी पुलाला मात्र ट्रॅफिक लागलं आणि तिथे मी पुन्हा डिझेलवर आलो. हे लक्षात ठेवा: तेलावर गाडी नुसती उभी घुरघुरत ठेवू नका. सिलिंडर थंड पडतात, तेल नीट जळत नाही, कार्बन धरतो. शहाड मागे पडल्यावर परत तेल, आणि मुरबाड, सरळगाव, टोकावडे करत माळशेजपर्यंत काहीही त्रास नाही. घाटात तिसऱ्या गिअरला गाडी चांगली ओढत होती. मागून येणारा टेंपोवाला खुबी फाट्यावर चहाला थांबला तेव्हा म्हणाला, "दादा, घाटभर भज्यांचा वास येत होता."

बनकर फाट्यावरून गणेश खिंडीमार्गे जुन्नर, तिथून आपटाळे आणि घाटघर. शेवटचा टप्पा आणि पठारावरचं फोर-बाय-फोर अपेक्षेपेक्षा सोपं गेलं. संध्याकाळी नाणेघाटाच्या तोंडाशी, जकातीच्या त्या दगडी रांजणाजवळ उभे होतो. खाली कोकण आणि पलीकडे कल्याणकडे जाणारी वाट. सातवाहनांच्या काळी कल्याण-जुन्नर मालाची ने-आण याच घाटातून व्हायची. आम्ही माळशेजवरून वळसा घालून त्याच दोन टोकांमधून आलो होतो, याचं मला फार समाधान वाटलं. मुक्कामाला घाटघरला जाताना तीन मिनिटं आधी डिझेलवर आणली आणि मग बंद केली.

सकाळी गवतावर दव गोठायच्या बेतात होतं. हीटर प्लग, डिझेल, गाडी एका झटक्यात चालू. आपटाळ्याच्या दिशेनं निघालो, काटा वर आला, व्हॉल्व्ह फिरवला. दोनशे मीटरवर इंजिन मिसिंग मारू लागलं, पिकअप गेला, आणि बंद पडायच्या आत परत डिझेलवर घेतली. भाच्यानं फिल्टरचं भांडं उघडलं. "मामा, हे तर खोबरेलासारखं झालंय." आत पांढरट लोणी बसलं होतं.

कारण सरळ होतं. टाकीतली कॉइल गरम, एक्स्चेंजर गरम, पण मागच्या टाकीपासून बोनेटपर्यंतचा आठ फुटांचा पाइप चॅसिसला लागून रात्रभर थंडीत उघडा. त्यात मावशींच्या डब्यातलं पाम. मुंबईच्या हवेत ते वाहतं, घाटावरच्या थंडीत गोठतं. आम्ही डिझेलवरच जुन्नर गाठलं, अकरापर्यंत उन्हात थांबलो, फिल्टर बदलला, हँड प्रायमर मारून एअर काढली आणि गणेश खिंड चढताना पुन्हा तेलावर आलो. तिथून मुलुंडपर्यंत, कल्याणची गर्दी सोडली तर, तेलच.

तुम्ही निघण्याआधी प्रत्येक डब्यातलं थोडं तेल काचेच्या बाटलीत घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी ते बाटलीत हललं नाही तर तो डबा थंडीत घाटावर नेऊ नका, मे महिन्यासाठी ठेवा. इंधनाचा पाइप आणि गरम पाण्याचे दोन्ही पाइप एकत्र बांधून वरून फोमचं आवरण घाला. मी ते परत आल्यावर पुढच्याच आठवड्यात केलं, त्याला अर्धा दिवस लागला. जादा दोन फिल्टर, पाना आणि डिझेलची पाच लिटरची कॅन बरोबर असू द्या. गाळायची तेलकट फडकी कोपऱ्यात गोळा करून ठेवू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात ठेवा.

परत आल्यावर नोझल काढून तपासून घेतले. टोकांवर पातळ काळा थर होता, फवारा ठीक पडत होता. इंजिन ऑइल मात्र मी आता निम्म्या अंतरावर बदलतो. न जळलेलं तेल रिंगांवरून खाली उतरून त्यात मिसळलं की ते हळूहळू घट्ट होत जातं, आणि डिपस्टिकवर हे दिसायला लागेपर्यंत बेअरिंगांचं नुकसान होऊन गेलेलं असतं.