हलशी ते सौंदत्ती, खांद्याला मातकट पिशवी

मार्गशीर्ष पौर्णिमेच्या तोंडावर तीन दिवस फिरून आले, पहिला दिवस बेळगावचा किल्ला आणि बाजार, दुसरा खानापूर-नंदगड-हलशी, तिसरा यल्लम्माच्या यात्रेला सौंदत्तीचा डोंगर. लिहायला बसले तर फोटोंपेक्षा पिशवीबद्दलच जास्त बोलावंसं वाटतंय, कारण यावेळी जे फोटो मिळाले ते त्या पिशवीमुळे मिळाले असं माझं ठाम मत झालंय.

आधीची गोष्ट सांगते म्हणजे कळेल. दोन वर्षांपूर्वी माघात चिंचलीला मायाक्काच्या यात्रेला गेल्ते, तेव्हा पाठीला काळी कॅमेऱ्याची सॅक, तिच्यावर कंपनीचं नाव हे एवढ्या ठळक अक्षरात. दहा पावलं चालले नाही तोवर "कुठल्या चॅनलच्या ओ मॅडम?" सुरू. मग माणसं एकतर पदर, टोपी नीट करून फोटोला उभी राहायची नाहीतर तोंड फिरवून निघून जायची, मला जे पाहिजे होतं ते, म्हणजे माणसं आपापल्या कामात, देवाच्या नादात असलेली, ते काही मिळेना. आणि संध्याकाळच्या रेटारेटीत मागची चेन कुणीतरी उघडली. दोन बॅटऱ्या आणि एक कार्ड गेलं. बॅटरीचं काय, परत घेता येते, पण त्या कार्डात आदल्या दिवशी गावच्या अंगणात शेंगा फोडत बसलेल्या माझ्या आजीचे फोटो होते आणि आजी त्याच उन्हाळ्यात गेली. पाठीवरची सॅक गर्दीत कधीच नको हे मी तेव्हापासून भेटेल त्याला सांगत असते.

आणखी एक, आपल्या सीमाभागात कॅमेरा दिसला की माणूस आधी विचार करतो ही कुणाच्या बाजूची. १ नोव्हेंबरला तर बघायलाच नको, एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे आपल्या लोकांची काळ्या दिनाची सायकल फेरी, त्या दिवशी पत्रकारासारखी बॅग घेऊन फिरलात तर दोन्हीकडून चौकशी होते. माणसानं आपल्याला पाहुणी समजावं, बातमीवाली नव्हे, एवढंच मला पाहिजे होतं.

तर पिशवी. मी जवळपास सहा महिने शोधत होते. परदेशी बॅगा बघून झाल्या, डोमके म्हणून एक आहे, ती अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्राच्या फोटोग्राफरनंच स्वतःच्या गरजेतून काढलेली, कॅनव्हासची, मऊ, अंगाला चिकटून बसणारी. बिलिंगहॅम म्हणून इंग्लंडची आहे, ते लोक मुळात मासे धरायला जाणाऱ्यांच्या बॅगा शिवायचे आणि मग फोटोवाल्यांनी त्याच उचलल्या. दोन्ही फार चांगल्या, पण किंमत बघून मी गप बसले, त्या पैशात एक लेन्स येते. पण त्यातनं एक गोष्ट शिकले की चांगली बॅग कॅमेऱ्याची दिसत नाही आणि आतलं सामान धरणारा भाग आणि बाहेरची पिशवी या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. हे कळल्यावर काम सोपं झालं. आतला फोमचा कप्पेवाला डबा, त्याला इन्सर्ट म्हणतात, तो ऑनलाइन सात-आठशेत सुटा मिळतो, आणि बाहेरची पिशवी बेळगावच्या शहापुरातल्या एका ताडपत्री शिवणाऱ्या मामांकडून शिवून घेतली.

पण शिवायला टाकायच्या आधी सामान टेबलावर मांडा आणि फुटपट्टी लावा, हे कुणी करत नाही आणि मग बॅग एकतर खोक्यासारखी मोठी होते नाहीतर चेन लागत नाही. माझ्याकडे कॅननची २०० डी आहे, ४५३ ग्रॅम. १०-१८ ही रुंद दृश्य टिपणारी लेन्स २४० ग्रॅम, ५० एमएम १६० आणि लांबचं जवळ आणणारी ५५-२५० ची ३७५. सगळं मिळून सव्वा किलो, त्यात पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली, चार्जर, रुमाल धरून दोन किलो. खांद्याच्या पिशवीत दोन-सव्वादोन किलोच्या वर जाऊच नका, संध्याकाळी मान धरते, हे मी अनुभवानं सांगतेय. कॅमेरा लेन्स खाली करून उभा ठेवायचा, म्हणजे वर हात घातला की थेट पकड हातात येते. तसा ठेवला तर रुंदीला साडेबारा सेंटीमीटर खातो, शेजारी दोन लेन्सा साडेसात-साडेसातच्या, म्हणजे आतनं लांबी २८, खोली १२ पुरते. उंची २० ठेवा, कारण ५५-२५० लावलेली असली तर कॅमेऱ्यासकट अठरा सेंटीमीटर होतं. मामांना हेच तीन आकडे चिठ्ठीवर लिहून दिले, ते म्हणाले, "अशी गिऱ्हाइकं पायजेत की ओ, नायतर लोक नुस्तं हातानं दाखवतात."

पट्टा नवारीचा, दोन इंची. बारीक पट्टा खांद्यात रुततो. लांबी एवढीच की आडवा घातल्यावर पिशवी कोपराखाली येईल, म्हणजे गर्दीत कोपरानं दाबून धरता येते, मांडीवर लोंबणारी पिशवी बसमध्ये चढताना दाराला आपटते आणि मागच्याला तिच्यात हात घालणं सोपं जातं. झडपेला वेल्क्रो अजिबात नको. एकतर त्याचा फर्रकन आवाज होतो, देवळात शांत भजन चाललंय आणि तुम्ही वेल्क्रो उघडलात की सगळे वळून बघतात, आणि दुसरं म्हणजे ओढणी, पदर, साडीची किनार सगळं त्यात अडकून धागे निघतात, बायकांनी तर नक्कीच टाळा. मी दोन टिचबटणं लावून घेतली आणि आत चेन, तीही अंगाकडच्या बाजूला उघडणारी. रंग काळा नको आणि लष्करी हिरवा पण नको, बेळगाव छावणीचं गाव आहे, तसल्या रंगाची पिशवी घेऊन कॅम्पात फिरणं मला बरोबर वाटत नाही. मातकट तपकिरी घेतला. आणि चामडं नको, काही देवळांत चामड्याचं काही आत नेऊ देत नाहीत, कॅनव्हासला कुणी काही म्हणत नाही.

पहिल्या दिवशी किल्ल्यात कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर. १२०४ साली रट्ट घराण्याचा राजा चौथा कार्तवीर्य याच्या बिचीराज नावाच्या मंत्र्यानं बांधलेली, आत नेमिनाथ, आणि मंडपाच्या छताला दगडात कोरलेलं कमळ, ते बघायलाच जायचं. आत अंधार असतो आणि ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, तर मी काय केलं, पिशवीतनं इन्सर्ट काढला, रिकामी पिशवी दुमडून कमळाच्या बरोबर खाली फरशीवर ठेवली, तिच्यावर कॅमेरा उताणा, १०-१८ लावून, स्क्रीन बाजूला उघडून, आणि दोन सेकंदांचा टायमर. आयएसओ १०० ला, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची संवेदना सगळ्यात कमी ठेवून, एक-दीड सेकंदाचे फोटो आले, पाकळी न पाकळी कोरीव. कडक बॅग असती तर हे जमलं नसतं. किल्ल्याच्या आसपास बराच भाग लष्कराचा आहे, पाट्या आहेत, तिथं कॅमेरा पिशवीतच राहू दे, गाडीतनं पण काढू नका. संध्याकाळी गणपत गल्ली, खडे बाजार, तिथं फक्त ५० एमएम. एक कुंद्याचा, म्हणजे इथल्या दुधाच्या मिठाईचा, डबा घेतला, तो पिशवीत वरच्या बाजूला बसला, आणि नंतरचे दोन दिवस कुणीही आत काय म्हणून विचारलं की मी डबा दाखवायची.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं खानापूर, तिथनं वडापनं, म्हणजे सीटवर पैसे घेणाऱ्या खासगी गाडीनं, नंदगड, हलशी. वडापमध्ये पिशवी पोटाशी, मांडीवर, पायात ठेवू नका, खालून धक्के फार बसतात आणि माती आत येते. नंदगडला इंग्रजांशी लढलेल्या संगोळी रायण्णाची समाधी आहे, १८३१ मध्ये त्याला इथंच फाशी दिली, तिथं थोडा वेळ थांबले. हलशी म्हणजे जुनं पलाशिका, कदंब राजांची बनवासीखालोखालची राजधानी. भूवराह नरसिंहाच्या देवळात दोन गाभारे एकमेकांसमोर तोंड करून आहेत, आणि वराहाची मूर्ती, दाढेवर उचललेली भूदेवी, बघून माणूस गप होतो. सकाळी नऊच्या आत जा, आजूबाजूला कुणी नसतं. पायरीवर एक आजी तांदूळ निवडत बसल्या होत्या, त्यांच्याशी अर्धा तास बोलले, कुणाची, कुठली, माहेर कुठलं, सगळं झालं, पिशवी शेजारी जमिनीवर. मग त्याच म्हणाल्या, "पिशवीत काय हाय गं पोरी एवढं जड?" म्हटलं कॅमेरा. "मग काढ की एक." त्या फोटोत त्या सुपाकडेच बघताहेत, माझ्याकडे नाही. माझ्या आजीच्या गेलेल्या फोटोतही असंच होतं, ती शेंगांकडे बघत होती.

तिसरा दिवस सौंदत्ती. बेळगावहून बैलहोंगलवरनं अडीच तास धरा, यात्रेत जास्त, आणि पहाटेची बस पकडा कारण दहानंतर डोंगराच्या रस्त्यावर गाड्या हलत नाहीत. इथं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भंडारा. "उदं गं आई उदं" म्हणत मुठीमुठीनं उधळतात, हवाच पिवळी होते, आणि ती हळद कॅमेऱ्यात गेली की बसलीच. लेन्स खोलीवरच लावून निघा, डोंगरावर बदलायची नाही म्हणजे नाही. ५५-२५० सारखी पुढं सरकणारी झूम तर नेऊच नका, ती आत-बाहेर होताना हवा ओढते आणि हवेबरोबर भंडारा. मी १०-१८ लावून गेले, बाकीचं सगळं खोलीवर. कॅमेऱ्यावर न्हाताना घालायची प्लॅस्टिकची टोपी, लेन्सपुरतं भोक पाडून रबरबँड लावलेला. पिशवीत कॅमेरा ठेवताना प्रत्येक वेळी आधी झडप बाहेरच्या बाहेर झटकायची, मगच उघडायची.

बैलगाड्यांच्या तळावर कोल्हापूरकडची एक मंडळी उतरली होती, चुलीवर नैवेद्य चाललेला, एक म्हातारा चौंडकं वाजवत होता. त्यांच्यात एक जोगतीण होती, देवीला वाहिलेली, वयस्कर, शेजारी जग, म्हणजे डोक्यावर घ्यायची देवीची मूर्ती असलेली टोपली, उतरवून ठेवलेला. मी बसले, परडीत पीठ-मीठ घातलं, त्यांनी कपाळाला भंडारा लावला. बऱ्याच वेळानं विचारलं, मावशी, फोटो काढू का. त्या म्हणाल्या, "माझा काढ, जगाचा नको." तसंच केलं, जग चौकटीत येऊ नये म्हणून जागा बदलून बसले. जोगतिणींचे फोटो न विचारता काढणारे पुष्कळ बघितले तिथं, लांबनं झूम लावून, त्या बायकांना ते कळत असतं आणि त्या तोंडावर पदर घेतात, कृपा करून तसं करू नका. गाभाऱ्यात कॅमेरा काढायचाच नाही.

घरी आल्यावर भंडारा काढायची पद्धत सांगते. आधी ब्लोअर, मग कोरडा मऊ ब्रश, चेनीच्या दातांतनं, बटणांच्या कडेनं, लेन्सच्या रिंगेच्या खाचेतनं. ओलं फडकं लावायचं नाही, हळदीचा चिखल होऊन खाचेत बसतो. पिशवी साबणानं धुतली तर डाग लालभडक झाले, मी घाबरलेच, पण हळदीवर साबण पडला की ती लाल होतेच, नुसत्या पाण्यानं खळबळून दोन दिवस कडक उन्हात टाकली आणि डाग जवळजवळ गेले. इन्सर्ट मात्र धुऊ नका, फोम लवकर वाळत नाही आणि मग आत ठेवलेल्या लेन्सला बुरशी धरते.

पावसाळ्यात जांबोटी, कणकुंबीकडे जाणार असाल तर कॅनव्हास एकट्यानं भागत नाही, भिजला की जड होतो आणि तासाभरानं आत झिरपतो. इन्सर्ट आधी जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, मग पिशवीत. भगवं किंवा निळं चकचकीत रेनकव्हर चढवलंत तर साध्या पिशवीचा उपयोगच गेला.

पट्ट्याची एका बाजूची शिवण सौंदत्तीहून येताना उसवायला लागली होती, मामांकडे नेली, त्यांनी चौकोन शिवून त्यात फुली मारली आणि एक पैसा घेतला नाही, आधीच तशी मारायला पाहिजे होती म्हणाले. तुम्ही शिवून घ्याल तेव्हा पट्ट्याच्या दोन्ही टोकांना चौकोन-फुली आहे का बघूनच पैसे द्या. वैशाखात बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीला हीच पिशवी घेऊन जाणार आहे, रात्रभराचं काम, तेव्हा फक्त ५० एमएम, दोन बॅटऱ्या आतल्या कप्प्यात आणि कार्ड दर दोन तासांनी बदलून ब्लाउजच्या पाकिटात.